घरच्या राउटरवर आयपीव्ही६ चालू ठेवायचं की बंद? फायबर आल्यावर डीव्हीआर का दिसेनासा होतो?

प्रश्न थोडक्यात असा. आई-वडील जुळे सोलापुरात, मुलगा पुण्यात. घरी तांब्याच्या तारेचं जुनं ब्रॉडबँड होतं तोवर पोर्ट फॉरवर्ड करून (म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरवर एक दार उघडून) डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, पुण्याहून दिसायचा. फायबर घेतलं आणि तो दिसेनासा झाला. राउटरच्या पानावर आयपीव्ही६ नावाचा पर्याय आहे (इंटरनेटवरच्या पत्त्यांची ही नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४), पण केबलवाला म्हणतो, "ते बंदच ठेवा, नेट पळतं." घरात एक जुना प्रिंटर आहे, पाण्याच्या मोटरीला वायफाय स्विच आहे. आयपीव्ही६ चालू केलं तर हे सगळं बंद पडेल का?

नाही पडणार. आयपीव्ही६ चालू करा आणि आयपीव्ही४ आहे तसंच राहू द्या. दोन्ही एकाच तारेवरून शेजारी-शेजारी चालतात. प्रिंटर आणि मोटरीचा स्विच त्यांच्या जुन्या १९२.१६८ वाल्या पत्त्यावरच बोलत राहतील, त्यांना नव्याची खबरही लागणार नाही. (सोलापुरात नळाला पाणी यायची वेळ चुकली तर पुढचे चार दिवस काय होतं हे सांगायला नको, म्हणून त्या स्विचच्या वाटेला जाऊच नका. राउटरमध्ये त्याचा आयपीव्ही४ पत्ता रिझर्व्ह करून टाका.) डीव्हीआर मात्र आयपीव्ही४ च्या पोर्ट फॉरवर्डने बहुधा परत दिसणार नाही.

त्याचं कारण राउटरच्या स्टेटस पानावर दिसतं. राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आत गेल्यावर 'वॅन' (राउटरची इंटरनेटकडची बाजू) खालचा आयपीव्ही४ पत्ता पाहा. मग 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही साइट उघडून तिथला आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. काही लोकल केबलवाले त्याऐवजी १० ने सुरू होणारे पत्ते देतात, अर्थ तोच. आणि वॅनवरच १९२.१६८ दिसत असेल तर तुमचा स्वतःचा राउटर कंपनीच्या डब्यामागे लावलेला आहे, म्हणजे घरातल्या घरातच दोनदा नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं) होतंय.

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचं वाटप करणारं एपीनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आलं. त्यामुळे कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. तुम्ही राउटरवर पोर्ट उघडता तेव्हा तुमच्या फ्लॅटचं दार उघडतं, सोसायटीचं गेट मात्र कंपनीच्या ताब्यात राहतं. पुण्याहून आलेलं पॅकेट त्या गेटवरच अडतं, कारण ते कुठल्या घरी न्यायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. राउटरवर कितीही नियम लिहा, काही उपयोग नाही.

यावर उपाय तीन. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर आयपीव्ही४ घ्यायचा. किंवा डीव्हीआर बनवणाऱ्याचं क्यूआर कोडवालं क्लाउड ॲप वापरायचं. ते चालतं, पण तुमच्या अंगणाचं चित्र त्यांच्या सर्व्हरच्या भरवशावर राहतं. तिसरा उपाय आयपीव्ही६ चा. तो फुकट आहे, पण नीट लावावा लागतो.

आता राउटरच्या आयपीव्ही६ पानावर या. कनेक्शन पीपीपीओई असेल, म्हणजे युजरनेम-पासवर्ड लागत असेल, तर आयपीव्ही६ साठीही पीपीपीओईच निवडा आणि 'आयपीव्ही४ चंच सेशन वापरा' अशा अर्थाचा पर्याय चालू करा. नसेल तर 'डायनॅमिक' किंवा डीएचसीपीव्ही६ (राउटर कंपनीकडून पत्ता आपोआप मागतो). 'प्रिफिक्स डेलिगेशन' चालू हवंच. घराला एक पत्ता मिळून भागत नाही, पत्त्यांचा अख्खा तुकडा (प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा पुढचा सामायिक भाग) लागतो आणि तो याच मार्गाने येतो. प्रिफिक्सची लांबी /५६ मिळाली तर त्यात २५६ उपजाळी बसतात, /६० मध्ये १६, /६४ मध्ये एकच. साध्या घराला एकही पुरते. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय किंवा कॅमेऱ्यांसाठी वेगळं जाळं हवं असेल तर मात्र /६४ मध्ये भागत नाही. राउटर विचारत असेल तर ५६ टाका, नाही मिळालं तर ६०.

घराच्या आतल्या बाजूला, म्हणजे लॅनवर, 'स्लॅक' (यंत्रं आपला पत्ता स्वतःच बनवतात) निवडा, सोबत 'आरडीएनएसएस' किंवा 'स्टेटलेस डीएचसीपी' (यंत्रांना डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, कळवायला). 'स्टेटफुल डीएचसीपीव्ही६' एकटं निवडलं तर लॅपटॉपना पत्ते मिळतात आणि अँड्रॉइड फोन कोरडे राहतात, कारण अँड्रॉइड त्या पद्धतीने पत्ता मागतच नाही. "नेट फक्त मोबाईलवर मंद आहे" या तक्रारीमागे कधीकधी हाच एक चुकीचा पर्याय निघतो. याच यादीत '६टू४', '६आरडी', 'टनेल' अशी नावं दिसतील, त्यांना हात लावू नका. ६टू४ चे सार्वजनिक रिले २०१५ मध्येच अधिकृतपणे मोडीत काढले गेले, आणि सीजीनॅटच्या मागे ६टू४ तसंही चालत नाही.

घरात दोन राउटर असतील तर गाडी इथेच अडते. कंपनीचा डबा प्रिफिक्स घेतो, पण मागच्या राउटरला त्यातला तुकडा पुढे देत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मागचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकणे. दुसरा मार्ग, कंपनीच्या डब्याला 'ब्रिज' करून पीपीपीओई स्वतःच्या राउटरवरून डायल करणे. त्यासाठी कंपनीच्या माणसाची मदत लागते आणि लँडलाइनचा फोन त्याच डब्याला असेल तर आधी विचारून घ्या. तिसरा, मागच्या राउटरवर आयपीव्ही६ 'पास-थ्रू'. यात नेट चालतं, पण मागच्या राउटरची फायरवॉल आयपीव्ही६ ला लागू होत नाही, सगळी भिस्त कंपनीच्या डब्यावर.

झालं का ते तपासायला विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग द्या. एफई८० ने सुरू होणारा पत्ता कायम दिसतो, तो फक्त त्या तारेपुरता असतो. त्यावरून नेट आलं असं समजू नका. २ ने सुरू होणारा पत्ता दिसला पाहिजे. आपल्या भागातले बहुतेक २४ ने सुरू होतात, कारण २४०० पासूनचा मोठा पट्टा एपीनिककडे आहे. मग टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा, १० पैकी १० आले की झालं.

आता फायरवॉल. हा भाग उरकून टाकायचा नाही.

आयपीव्ही४ मध्ये नॅटमुळे बाहेरचा माणूस आपोआप अडायचा. तो नॅटचा हेतू नव्हता, पण आपल्याला त्याची सवय झाली. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक वस्तूला जगभर पोचणारा पत्ता मिळतो, त्यामुळे अडवायचं काम राउटरच्या फायरवॉलने करायचं असतं. चांगले राउटर आतून सुरू झालेलं संभाषण तेवढं आत येऊ देतात आणि बाकी अडवतात. पण काही डब्यांवर आयपीव्ही६ फायरवॉल 'लो' किंवा बंद असते, म्हणून खात्री करून घ्या. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूमधून त्याचा आयपीव्ही६ पत्ता उतरवून घ्या, फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता चौकोनी कंसात टाका. कंस नसेल तर ब्राउझरला पत्ता कुठे संपतो आणि पोर्ट कुठे सुरू होतो ते कळत नाही. मोबाईल डेटावर आयपीव्ही६ बहुधा असतंच; जिओचं जाळं तर २०१६ मध्ये सुरू झालं तेच आयपीव्ही६ धरून. डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं तर तुमचं घर उघडं आहे, आधी फायरवॉल 'हाय' करा. पान उघडलं नाही, नुसतं फिरत राहिलं, तर उत्तम.

"/६४ मध्ये इतके पत्ते असतात की शोधून कुणाला सापडणार?" असं म्हणणारे भेटतात. पत्ते खरंच अफाट आहेत, पण अनेक डीव्हीआर आपला पत्ता मॅकवरून, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून, बनवतात. समजा मॅक ००-१ए-२बी-३सी-४डी-५ई आहे. त्याच्या मधोमध एफएफएफई घुसवायचं, पहिल्या जोडीतला सातवा बिट उलटवायचा, की ०२१ए:२बीएफएफ:एफई३सी:४डी५ई हा पत्त्याचा मागचा अर्धा भाग तयार. मॅकचा पहिला अर्धा भाग म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, तो जाहीर असतो. म्हणजे शोधणाऱ्याला अंदाज बांधायचा उरतो तो फक्त २४ बिटांचा. लपून राहण्यावर विसंबू नका.

आणि फायरवॉल घट्ट करण्याच्या भरात आयसीएमपीव्ही६ (यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत, पिंग त्यातलंच) सगळं बंद करू नका. आयपीव्ही४ मध्ये पिंग बंद केलं तरी चालून जायचं. इथे शेजारचं यंत्र शोधणं, राउटरची घोषणा ऐकणं, पॅकेट मोठं आहे हे कळवणं, सगळं त्यावरच चालतं.

डीव्हीआर पुण्याहून बघण्यासाठी त्याचं पोर्ट थेट बाहेर उघडणं हा वाईट मार्ग आहे, मग पत्ता चार असो की सहा. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही, पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच असतो. त्यापेक्षा राउटरवर वायरगार्ड बसवा. हे व्हीपीएन आहे, म्हणजे फोनपासून घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा. एकच यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, राउटरपुरतं उघडायचं. गंमत अशी की बाहेरचा बोगदा आयपीव्ही६ वरून जातो आणि आत आयपीव्ही४ धावतं. त्यामुळे डीव्हीआरला आयपीव्ही६ चं ओ की ठो कळत नसलं तरी पुण्यातल्या फोनवरून त्याचा घरचा १९२.१६८ वाला पत्ता उघडतो. प्रिंटरचंही तेच.

यात अडकण्याच्या जागा अशा. काही राउटरांवरचा व्हीपीएन सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वॅनवरच ऐकतो, विकत घेण्याआधी हे विचारा; ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर घालायचं मुक्त सॉफ्टवेअर) हा प्रश्न येत नाही. डीडीएनएस सेवेत (घरचा पत्ता बदलला तरी त्याला एकच नाव देणारी सेवा) 'एएएए', म्हणजे आयपीव्ही६ ची, नोंद अपडेट होते का पाहा, नुसती 'ए', म्हणजे आयपीव्ही४ ची, नोंद झाली तर ती सीजीनॅटचा पत्ता दाखवेल. पुण्याच्या घरीही १९२.१६८.१ असेल तर फोनला कुठलं घर कुठलं ते कळणार नाही, म्हणून सोलापूरचं जाळं १९२.१६८.५७ असं काहीतरी वेगळं करा. हे बदलताना प्रिंटर आणि मोटरीच्या स्विचचे रिझर्व्ह केलेले पत्तेही बदलायचे. वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) साधारण १४२० धरलेला असतो. पीपीपीओईवर १४९२ मधून ८० वजा जाऊन १४१२ होतो, तोच ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यांची यादी दिसते आणि चित्र मात्र येत नाही. आणि बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागतं. ऑफिसच्या वायफायवर नुसतं आयपीव्ही४ असेल तर बोगदा उघडणारच नाही. मोबाईल डेटावर या, उघडेल. हे माहीत नसलं की माणूस दोन दिवस राउटरशी झुंजत बसतो.

आता "बंद ठेवा, नेट पळतं" या सल्ल्याकडे. तो निव्वळ थाप नाही. आयपीव्ही६ अर्धवट चालत असेल तर बंद केल्यावर खरंच बरं वाटतं, कारण बिघाड झाकला जातो. ब्राउझर दोन्ही रस्ते जवळपास एकदमच धरतात: आधी आयपीव्ही६, पाव सेकंदात उत्तर आलं नाही की सोबत आयपीव्ही४. म्हणून बिघाड असूनही पान उघडतं, फक्त जरा जड वाटतं. सगळी ॲप इतकी शहाणी नसतात. विंडोजवरचा एखादा जुना प्रोग्रॅम मेलेल्या आयपीव्ही६ पत्त्यावर एकवीस सेकंद थांबून मग दुसरा रस्ता धरतो. यामागे बहुतेक वेळा पुढच्या तिनांपैकी एक कारण असतं.

पहिलं, एमटीयू. लक्षण ठरलेलं: यूट्यूब झकास, पण एखाद्या बँकेची किंवा सरकारी साइट अर्धी येऊन फिरत राहते. पीपीपीओईवर पॅकेट १४९२ बाइटचंच मावतं, घरातली यंत्रं मात्र १५०० धरून चालतात. आयपीव्ही४ चं मोठं पॅकेट वाटेतला राउटर तोडू शकतो. आयपीव्ही६ मध्ये तो हक्क वाटेतल्या कुणालाही नाही. राउटर फक्त "पॅकेट मोठं आहे" असा निरोप मागे पाठवतो. समोरच्याच्या फायरवॉलने तो निरोप गिळला की सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. यूट्यूब वाचतं कारण ते क्विक नावाची पद्धत वापरतं आणि त्याची पॅकेटं मुळातच लहान असतात. खात्री करायला 'पिंग -४ -एफ -एल १४६४ १.१.१.१' द्या, अक्षरं अर्थातच रोमनमध्ये. १४६४ जातं आणि १४६५ अडतं तर तार १४९२ ची आहे. राउटरवर 'एमएसएस क्लॅम्पिंग' (पॅकेटातल्या माहितीचा आकार आधीच मर्यादित ठेवणारा पर्याय) चालू करा. आकडा मागत असेल तर आयपीव्ही६ साठी १४३२, आयपीव्ही४ साठी १४५२. तो पर्याय नसेल तर लॅनच्या राउटर घोषणेत एमटीयू १४९२ टाका.

दुसरं कारण खास आपल्याकडचं. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते. राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा हॉलमधल्या साध्या प्लगवर. लाइट परत आली की डबा नव्याने उठतो, कनेक्शन पुन्हा डायल होतं आणि कंपनी नवा प्रिफिक्स देते. मधल्या वेळात वायफाय तुटलेलंच नसतं, त्यामुळे लॅपटॉपला काही घडल्याची खबरही नसते. त्याच्याकडे जुना पत्ता तसाच राहतो, नवाही येतो, आणि जुन्यावरून गेलेल्या पॅकेटला उत्तर कधीच येत नाही. राउटरने जुना प्रिफिक्स रद्द झाल्याचं स्वतःहून कळवायला हवं, पण स्वस्तातले राउटर ते करत नाहीत. पूर्वापार ठरलेल्या मुदतीप्रमाणे असा पत्ता ७ दिवस पसंतीचा आणि ३० दिवस वैध राहू शकतो. नेमकं हेच झालंय का ते बघायचं तर आयपीकॉन्फिगमध्ये २ ने सुरू होणारे पत्ते पाहा. एकाच वायफायवर पहिले चार गट वेगळे असलेल्या दोन जोड्या दिसल्या तर एक जोडी मेलेली आहे. मागचा भाग वेगळा असलेले दोन पत्ते मात्र नेहमीचेच. त्यातला एक गोपनीयतेसाठीचा तात्पुरता पत्ता असतो.

त्यावर लगेचचा उपाय म्हणजे वायफाय बंद करून पुन्हा चालू करणे. कायमचा म्हणजे डबा आणि राउटर एकाच इन्व्हर्टर पॉइंटवर किंवा एकाच १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर घेणे. यूपीएस घेताना दोघांच्या ॲडॉप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा. राउटर मुदत बदलू देत असेल तर पसंतीची २७०० सेकंद आणि वैधतेची ५४०० सेकंद ठेवा, घरगुती राउटरसाठी आताची शिफारस हीच आहे.

तिसरं, डीएनएस. मुलांसाठी घरात गाळणी लावायची म्हणून लोक राउटरवर १.१.१.३ हा गाळणीवाला डीएनएस टाकतात आणि निर्धास्त होतात. पण राउटर आयपीव्ही६ वर कंपनीचाच डीएनएस वाटत राहतो, यंत्रं तो वापरतात आणि गाळणी नावापुरती उरते. आयपीव्ही६ च्या रकान्यातही जोडीचा पत्ता टाकावा लागतो: २६०६:४७००:४७००::१११३.

एखाद्या विंडोज यंत्रावर तात्पुरता मार्ग काढायचाच असेल तरी नेटवर्क सेटिंगमधली आयपीव्ही६ समोरची टिक काढून टाकू नका. रजिस्ट्रीत 'डिसेबल्डकंपोनंट्स' हे मूल्य दशमान ३२ ठेवून यंत्र रीस्टार्ट केलं की आयपीव्ही४ ला आधी मान मिळतो आणि आयपीव्ही६ जिवंत राहतं. दुरुस्ती झाली की ते परत शून्य करा.

आणि हे सगळं करूनही वॅनवर आयपीव्ही६ आलंच नाही, तर ती कंपनीची बाजू. "नेट स्लो आहे" म्हणून तक्रार दिली तर माणूस येऊन स्पीड टेस्ट दाखवून जातो. त्याऐवजी असं सांगा: "वॅनवर प्रिफिक्स डेलिगेशन मिळत नाही, माझ्या खात्याला आयपीव्ही६ प्रोफाइल लावा." प्रिफिक्स मिळतो पण पुढे जात नसेल तर 'ट्रेसर्ट -६' या पॅकेटची वाट दाखवणाऱ्या कमांडचं चित्र, प्रिफिक्सची लांबी आणि वेळ लिहून द्या. लोकल केबलवाल्याकडे स्वतःचे आयपीव्ही६ पत्ते नसतील, तर त्याला आयआरआयएनएनचं नाव सांगा. भारतात इंटरनेट पत्त्यांचं वाटप करणारी ही संस्था आहे, हे पत्ते तिथून मिळतात.